समान संधीने समाजाची प्रगती होते ती नेमकी कशी? सातारा-सांगलीच्या अनुभवावरून

कृष्णाकाठ (कराड)

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्य शासनाने २०२४ पासून पूर्ण माफ केले. तेव्हापासून आमच्या भागात एक वाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. मुलींना फुकट, मग मुलांनी काय घोडे मारले, असे एक बाजू विचारते. शतकानुशतकांच्या अन्यायाची ही भरपाई आहे, असे दुसरी बाजू सांगते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. एकीला देणाऱ्याचे औदार्य दिसते, दुसरीला घेणाऱ्याचा हक्क दिसतो. उरलेल्या समाजाच्या पदरात यातून काय पडते, हा हिशेब कोणीच मांडत नाही. तो आपल्या दोन जिल्ह्यांच्या आधाराने मांडावा म्हणून हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे असे आहे. बुद्धी, हिंमत आणि कष्टाची तयारी या गोष्टी घराणे, जात, लिंग वा गाव पाहून जन्माला येत नाहीत. त्या वापरण्याची साधने मात्र नेमकी हेच पाहून वाटली जातात. त्यामुळे जी उत्तम शल्यचिकित्सक झाली असती ती आयुष्यभर भांगलण करते, आणि ज्याला दोन आकडे नीट मांडता येत नाहीत तो संस्थेचा अध्यक्ष होतो. (हे कोणा एकाला उद्देशून नाही, ज्याला लागेल त्याला लागो.) पहिल्या प्रकारात नुकसान एका मुलीचे झाले असे आपण समजतो, पण तिच्या हातून बरे झाले असते असे रुग्णही त्या नुकसानीत धरले पाहिजेत, आणि त्यांना तर आपले काय गेले याचा पत्ताही नसतो.

हे नुकसान मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत १९६० साली डॉक्टर आणि वकील यांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० साली हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. शिकागो आणि स्टॅनफर्ड येथील अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला की, त्या पन्नास वर्षांत तेथील दरडोई उत्पादनात झालेल्या वाढीपैकी २० ते ४० टक्के वाढ योग्य माणसे योग्य कामापर्यंत पोहोचू लागल्यामुळे झाली. नवी खाण सापडली नव्हती. माणसे तीच होती, फक्त स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना वाट मोकळी झाली होती.

आपल्याकडे हा विचार त्याच्या कितीतरी आधी मांडला गेला होता. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर निवेदन दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असा त्याचा रोख होता. हा सरळसरळ सार्वजनिक खर्चाचा हिशेब होता. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिक्षणासाठी अंगमेहनत करत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांच्या जेवणासाठी धान्य भरायला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला त्यातील अर्थकारण अधिक महत्त्वाचे वाटते. खेड्यातील मूल शिकत नसे ते केवळ शाळा नसल्यामुळे नव्हे. शाळेच्या गावी राहायचे कोठे, खायचे काय, आणि घरचे काम करणारे दोन हात कमी झाले तर ते भरून कोणी काढायचे, हे प्रश्न सुटत नव्हते. भाऊरावांनी आधी वसतिगृह आणि ‘कमवा आणि शिका’ उभे केले.

आज या दोन जिल्ह्यांत शाळा आणि महाविद्यालयांना तोटा नाही. तरीही संधी सर्वांपर्यंत सारखी पोहोचते असे मला वाटत नाही. ती नेमकी कोठे अडते, आणि त्याची किंमत कोण मोजतो, यावर जाणकारांनी लिहावे.

हळदपेठ (सांगली)

मांडणी आवडली, पण सगळीच पटली नाही. माझा व्यवसाय मार्केट यार्डातला असल्यामुळे थोडे रोखठोक लिहितो, राग नसावा. घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली, २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, पंचायतीत निम्म्या जागा महिलांना दिल्या. यापुढे काय द्यायचे राहिले? आता प्रश्न कर्तृत्वाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हा तेथे रेल्वेचे लहानसे स्थानक आणि निवडुंग यांखेरीज फारसे काही नव्हते. त्यांनी उद्योग उभा केला आणि आजूबाजूच्या शेकडो घरांना संधी मिळाली. म्हणजे आधी उद्योग वाढला पाहिजे, संधी त्याच्या मागून येते. उलट, केवळ समानता दिसावी म्हणून कमी गुणांच्या माणसाला जबाबदारीच्या जागी बसवले, तर कामाचा दर्जा घसरतो आणि त्याचा तोटा शेवटी सर्वांनाच होतो. हा मुद्दा बोलायला कोणी धजत नाही, म्हणून मी लिहिला.

कृष्णाकाठ (कराड)

हळदपेठ साहेब, राग येण्याचा प्रश्नच नाही. हा आक्षेप यायलाच हवा होता. किर्लोस्करवाडीचे उदाहरण आपण दिलेत ते उत्तमच आहे, परंतु तो माळ औंध संस्थानच्या अधिपतींनी उपलब्ध करून दिला होता, हेही त्या गोष्टीत येते. बेळगावहून उठावे लागलेल्या एका कर्तबगार माणसाला जागा मिळाली, म्हणून ते कर्तृत्व फळाला आले. माझाही मुद्दा तोच आहे.

दर्जा घसरण्याबाबत नुसत्या अंदाजावर बोलण्याची गरज नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकोफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. रेल्वे हा देशातील सर्वांत मोठ्या नोकरदात्यांपैकी एक आणि आरक्षणही तेथे दीर्घकाळ लागू, त्यामुळे तपासणीला ते क्षेत्र योग्य होते. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. वरिष्ठ अधिकारपदांवर तर काही ठिकाणी परिणाम अनुकूल दिसला. प्रत्येक कार्यालयाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. पण ‘दर्जा घसरतो’ हे विधान ज्यांना करायचे आहे, त्यांनी आता पुरावा द्यायला हवा.

माणदेशी (म्हसवड)

‘आता काय द्यायचे राहिले’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावात आहे. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातील बायकांनी रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे होती त्यांतील अनेकींचा अंगठा होता. बायका घरी परतल्या, अक्षरे गिरवू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असे त्या तेथे म्हणाल्या. परवाना मिळाला.

साहेब, या बायकांच्या अंगी हिशेबाची बुद्धी पहिल्या अर्जाच्या वेळीही होती. बाजारात शेळी विकताना, भाजीचा वाटा लावताना आणि भिशी चालवताना ती रोज वापरली जात होती. फक्त अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

बँक आल्यावर काय बदलले, तेही सांगते. पूर्वी आठवडे बाजारात भाजी विकणारी बाई सकाळी भांडवल म्हणून सावकाराकडून पैसे उचलत असे आणि संध्याकाळी ते व्याजासकट परत करत असे. म्हणजे दिवसभर उन्हात बसून तिने जे कमावले, त्यातला मोठा वाटा भांडवलवाल्याचा. आता बँकेची मुलगी बाजारात तिच्या पाटीपाशी येऊन वीस-पन्नास रुपये जमा करून घेते. वर्षभरात तिच्या नावावर काही रक्कम साठते आणि तिच्यावर कर्ज मिळते. माझ्या ओळखीतील एका मावशींनी पासबुक घरी न्यायचे नाही असे बँकेतील मुलीला पहिल्याच दिवशी बजावले होते, कारण शिल्लक किती आहे हे घरात कळले की ती शिल्लक राहत नाही. अशा गोष्टी कायद्याच्या पुस्तकात नसतात, पण संधी तेथेच अडते.

एसटीचेही तसेच. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. आमच्याकडे मुलीला दहावीनंतर शिकवायचे की नाही याचा निर्णय पुष्कळदा गुणपत्रिकेवर होत नाही. संध्याकाळची गाडी वेळेवर येते की नाही, यावर होतो. पास फुकट आहे, पण शेवटची गाडी रद्द झाली की पास काय कामाचा? दोन दिवस मुलगी अंधारात घरी आली की तिसऱ्या दिवशी आजी म्हणते, पुरे झाले शिक्षण.

खडूफळा (कडेगाव)

मी प्राथमिक शिक्षक आहे. माणदेशी ताईंनी लिहिले ते आमच्या हजेरीपटावर रोज दिसते. पण आमच्याकडे मुलांचा आणखी एक गट आहे, जो हजेरीपटावर निम्मे वर्षच असतो.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम त्या कोयत्यामागे आगाऊ उचल देतो. उचल घेतो नवरा, नोंद त्याच्या नावावर होते, आणि तोडणी, मोळी बांधणे, गाडी भरणे यात बायको त्याच्या बरोबरीने राबते. शिवाय पहाटेची चूल तिचीच. त्यांच्याबरोबर मुले येतात. सातवी-आठवीतील मुलगी खोपीवर (टोळीच्या झोपडीवर) धाकट्या भावंडाला सांभाळते, कारण तिने ते केले नाही तर आईला फडात जाता येत नाही आणि कोयता अर्धा होतो. आम्ही गळितात खोप्यांवर जाऊन मुलांना शाळेत आणतो. काही मुले टिकतात. मार्चनंतर टोळी परत जाते, तेव्हा मूल तिकडच्या शाळेत जाते आणि तेथील वर्ग बराच पुढे गेलेला असतो. दोन-तीन हंगामांनंतर ते मूल स्वतःच सांगते की मला वाचता येत नाही. मग त्याच्याही हातात कोयता येतो.

मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आणि आता ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहे अशी पावले टाकली गेली आहेत, आणि ज्या गावांत ती नीट चालतात त्या गावांतील मुले आमच्याकडे येणे कमी होते. शंभर वर्षांपूर्वी भाऊरावांनी हेच केले होते, हे कृष्णाकाठ यांच्या लेखावरून ध्यानात आले. आता तोडणी यंत्रे येत आहेत. ती वाढली की हे काम कमी होईल, आणि ज्या मुलाला दुसरे काहीच येत नाही त्याच्यापुढे कोयताही राहणार नाही.

वर्गातील एक गोष्ट लिहून थांबतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. सर्वांसमोर नाव आणि जात उच्चारल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. तीच मुले, तीच कोडी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना वर्गात मोठ्याने प्रवर्ग विचारणारे आम्ही शिक्षक काय करत असतो, याचा विचार मी तो प्रयोग वाचल्यापासून करतो. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, आणि तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. पण दाखल झालेल्या त्या मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागत होते, हेही त्या दिवशी मुलांना सांगितले पाहिजे.

मिरज जंक्शन

हळदपेठ म्हणतात की आधी उद्योग आणि समृद्धी, मग संधी आपोआप येईल. मला एकच आकडा द्यायचा आहे. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८७० च्याही खाली होती. ऊस, द्राक्षे, हळद, दूध, कारखाने, दवाखाने यांनी भरलेला हा जिल्हा आहे. आपल्याकडे पैसा आला आणि त्याबरोबर सोनोग्राफीचे यंत्रही आले. साताऱ्यातही त्याच वर्षी जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ (नको असलेली) नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्याचा कार्यक्रम घेतला होता. तेव्हा समृद्धीच्या मागून समता चालत येते, हे निदान आमच्या जिल्ह्याने तरी सिद्ध केलेले नाही.

सातबारा (वाळवा)

महसूल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. चर्चा शिक्षणावरच फिरते आहे, म्हणून जमिनीकडे लक्ष वेधतो. माझ्या मते आपल्या भागात संधी सर्वांत जास्त अडते ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावर.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हिस्सा दिला; मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्माने आहे, एवढे आता पक्के.

प्रत्यक्षात काय होते? वडील वारतात. तेराव्यानंतर वारसनोंद होते आणि बहिणींची नावे इतर वारसांबरोबर उताऱ्यावर लागतात. मग कर्ज काढायचे असते, किंवा वाटणी करायची असते, आणि ‘बहिणींच्या सह्या राहिल्यात’ असा निरोप जातो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर सकाळी एक जीप येऊन थांबते. भाऊ उतरतो, दाजी उतरतात, मागून दोघी-तिघी बहिणी डोक्यावरचा पदर सावरत उतरतात. हक्कसोडपत्र टाईप झालेले असते. ते कोणी वाचून दाखवत नाही, आणि वाचावे असे म्हणणारी बहीण मी फार थोड्या वेळा पाहिली. अंगठा किंवा सही, फोटो, साक्षीदार, आणि नंतर बाजारपेठेत साडीचोळी. मजकुरात मात्र ‘कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने’ असे असते. खोटेही म्हणता येत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती खरोखरच राजी असते. हिस्सा मागितला तर दिवाळीला भाऊ न्यायला येणार नाही, ही भीती कोणत्याही दबावापेक्षा मोठी असते.

आता याचे अर्थकारण पाहा. उताऱ्यावर नाव नसेल तर विकास सोसायटीचे सभासदत्व नाही, म्हणून पीककर्ज नाही. ठिबकचे अनुदान, पीकविमा, शेतकरी सन्मान निधी हे सारे उताऱ्यावर चालते. २०१९ च्या महापुरात कृष्णा-वारणेच्या काठची पिके कुजून गेली तेव्हा पंचनामे झाले आणि भरपाई खातेदाराच्या खात्यावर गेली. सासरी विधवा झालेली, दिराच्या नावावरचे रान वर्षानुवर्षे कसणारी बाई त्या पंचनाम्यात कोठेच नव्हती. ती शेतकरी नाही, अशीच सरकारी कागदाची समजूत. देशभरात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमबलातील (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या) प्रमाण २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले, असे सरकारी श्रमबल सर्वेक्षण सांगते. पण ग्रामीण भागातील या वाढीचा मोठा भाग घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांचा आहे. काम तिचे मोजले गेले, पण कर्ज काढून गाय घेण्याची, द्राक्षबाग लावण्याची किंवा बेदाण्याचे शेड टाकण्याची ताकद तिच्याकडे आली नाही.

हळदपेठ (सांगली)

सातबारा काका, आपल्या अनुभवाचा मान राखून विचारतो. आधीच जमिनीचे तुकडे होऊन शेती परवडेनाशी झाली आहे. दोन भावांत चार एकर असताना तीन बहिणींचे हिस्से पाडले तर कोणाच्याच वाट्याला पोट भरण्याइतके रान येणार नाही. समानतेपायी उत्पादकता बुडाली, तर प्रगती कोणाची झाली? आणि बहिणीच्या लग्नात जो खर्च झाला, तो हिस्साच नव्हता का?

सातबारा (वाळवा)

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. चार भावांत वाटणी होते तेव्हा तुकड्यांची चिंता कोणी केलेली मी ऐकली नाही. ती नेमकी बहिणीच्या नावाला आठवते. दुसरे, हिस्सा असणे आणि रानात बांध घालणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुकडेबंदीचा कायदा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला अडवतो. सामाईक खात्यात बहिणीचे नाव ठेवायला अडवत नाही. रान एकच ठेवून भाऊ कसू शकतो आणि बहिणीला खंड (जमिनीचे भाडे) किंवा उत्पन्नाचा वाटा देऊ शकतो. सामाईकात वाद होतात हे खरे, पण ते भावाभावांतही होतातच.

लग्नाच्या खर्चाचे म्हणाल, तर मांडव, जेवणावळी आणि मानपान यांत जे गेले ते वऱ्हाडाने खाल्ले आणि हुंडा सासरच्यांनी ठेवला. त्यातले तिच्या नावावर काय राहिले?

येरळाकाठ (विटा)

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर पाण्याचा काढतो. आमच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण आहे. तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने १९८० च्या दशकात ते बांधायला घेतले. दुष्काळात गाव सोडून जाणारी माणसे नदीतील वाळूचे ट्रक भरभरून बाहेर जाताना पाहत होती. वाळू आमच्या नदीची आहे, तर ती आम्हीच मर्यादित प्रमाणात विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, असे त्यांनी ठरवले आणि सरकारशी भांडून ते मिळवले.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. पाणी जमिनीला न देता कुटुंबाला द्यायचे, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही सारखा वाटा द्यायचा, हे त्यांनी आधीच ठरवले. भूमिहीनाने पाण्याचे काय करायचे, असे तेव्हा अनेकांनी हसून विचारले होते. उत्तर सोपे होते: ज्याच्याकडे रान आहे आणि पाणी कमी आहे, त्याच्याशी तो वाट्याने शेती करील. म्हणजे भूमिहीन माणूस मजुरी मागायला न जाता काहीतरी हातात घेऊन व्यवहाराला बसतो.

याच विचाराचा आग्रह पुढे आटपाडीत धरला गेला. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी कराडजवळून अनेक टप्प्यांत उचलून दुष्काळी तालुक्यांत आणले जाते. ते आले की कालव्याजवळचा मोठा शेतकरी ऊस लावणार आणि शेपटाकडच्याला टँकर, हे ठरलेले होते. समन्यायी वाटपाची मागणी त्यासाठीच होती. ती पूर्ण यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. ऊस सगळीकडे पोहोचला, समन्याय थोड्या ठिकाणी. पण पाणी थोड्या रानांत कोंडण्याऐवजी अधिक रानांना थोडे थोडे दिले, तर डाळिंब, द्राक्ष, ज्वारी, चारा यांतून अधिक घरे उभी राहतात, एवढा हिशेब तरी आता आमच्याकडे लोकांना पटला आहे. त्यात दयामाया कोठेच नाही.

जावळीकर

मुंबईत राहतो, मूळ जावळीचा. आमच्या आणि पाटण तालुक्यातील घराघरांतून माणसे मुंबईला पाठीवर ओझी वाहायला गेली. पाटणच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, पुढे घरे, हे सगळे आले. काम तेच राहिले, पण माथाड्यांची मुले शिकून बँकेत, पोलिसात, शिक्षकी पेशात गेली, आणि गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरीवर कौलाच्या जागी स्लॅब पडले. हळदपेठ साहेबांना एक विचारतो. आपल्याच यार्डात हमालांना या कायद्याचे संरक्षण आहे. हळद निवडणाऱ्या, बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या बायकांना काय आहे?

हळदपेठ (सांगली)

प्रश्न थेट आहे, उत्तरही थेट देतो. बायकांना बहुतेक ठिकाणी रोजावर किंवा किलोवर पैसे मिळतात, आणि समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ पासून असूनही त्यांचा रोज पुरुषांहून कमी असतो. आम्ही व्यापारी म्हणतो की काम वेगळे आहे: हमाल पोते उचलतो, बाई बसून निवडते. पण इतकी वर्षे माल पाहून एक सांगू शकतो की बेदाण्याला मिळणारा भाव त्या निवडीवर ठरतो. हिरवा, पिवळा, काळपट हे एकदा नीट वेगळे झाले की त्याच मालाला किलोमागे कितीतरी रुपये जास्त येतात. चांगली निवड करणारी बाई दुसऱ्या शेडवाल्याने पळवू नये म्हणून आम्ही तिला सणाला जास्तीचे देतो. म्हणजे तिची किंमत आम्हाला ठाऊक आहे. समान संधीने प्रगती होते हे मी अजून पूर्ण मानलेले नाही, आणि दर्जाबाबतची माझी शंकाही शिल्लक आहे. परंतु या धाग्यावर जी उदाहरणे आली, त्यांत कोणाला काही फुकट दिले गेले असे मला दिसले नाही, हे मान्य करतो.

आता माझा वैयक्तिक प्रश्न, सातबारा काकांना. मला दोन मुली आणि एक मुलगा आहे. मी स्वतः घेतलेली थोडी जमीन आहे. माझ्यामागे जीप आणि साडीचोळीचा प्रकार होऊ नये यासाठी काय करावे?

सातबारा (वाळवा)

जमीन स्वकष्टार्जित आहे, म्हणजे हात मोकळे आहेत. दोन वाटा आहेत. मृत्युपत्र करून नोंदवून ठेवा. पण ते आपल्या पश्चात लागू होते आणि वाद घालणाऱ्याला तेव्हा वाव असतो. दुसरी वाट बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहती किंवा शेतीची मिळकत मुलगा, मुलगी, पती, पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च वेगळा. बहिणीला ही सवलत नाही, म्हणून वडिलांनी हयातीत केले तर काम स्वस्तात होते आणि भावावर सोडले तर महागात पडते. क्षेत्र किती आहे ते पाहून तुकडेबंदीचा नियम आड येतो का, हे आधी तलाठ्याकडे विचारा. दस्त झाला की फेरफार (मालकी बदलाची नोंद) लगेच धरायला लावा, आणि नव्या उताऱ्याची प्रत मुलींच्या हातात द्या, जावयांच्या नको. त्यानंतर दोघींना सोसायटीचे सभासद करून घ्या. आपल्या सोसायटीत महिला खातेदार किती आहेत, ते विचारून येथे कळवलेत तर बरे होईल.